बाईनं सात दिलाच नाही

यमुनाबाईनं शाळेत कधी कोणाले मारलं नाही. मारण्यापेक्षा वाईट करे. पोरगी चुकली, चुकून वरतून रडाले लागली, की बाई फळ्यावर एक आकडा लिहे, १४२८५७, अन् म्हणे, "रडू नोको. गुण." एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन. उशिरा आली तिले दोनानं, पाढा चुकली तिले तीनानं, खोटं बोलली तिले चारानं. पाच अन् सहा मोठ्या गुन्ह्याले. सातानं गुण म्हणून तिनं कधीच कोणाले सांगतलं नाही. आमी म्हणो, साताचा गुन्हा कोणता असन बाप्पा, खून करा लागत असन.

मी हे घाईत लिहून राह्यली. सासू वावरात कापूस वेचाले गेली हाय, ती घरी येयाच्या आत हे झालं पाहिजे. शाळेतले नवीन मास्तर म्हणे, बाई इथं मास्तरीण होती म्हणते, तिच्यावर कोणी लिहून देईन काय. गल्लीत कोणी हो म्हटलं नाही. मी चवथीतून उठली, माह्या अक्षराले हसू नका.

तुमी तिले पाह्यलं नाही म्हणून सांगते. दिसाले चांगली नव्हती. उंच, हाडकुळी, गालफडं बसलेली. खडूचा हात कमरेले पुसाची सवय, म्हणून लुगड्यावर उजव्या बाजूनं पांढरा पंजा उमटलेला राहे. छप्पन साली धम्म घेतला अन् पांढरं लुगडं नेसाले लागली, तवा तो पंजा दिसनासा झाला, पण हात तिथंच जाये. नवऱ्यानं टाकलती, लेकरू नाही म्हणून. कोणी हळहळलं की म्हणे, "लेकरू तं कुत्रीले बी होते. पाढे होते काय?" बाया तोंडाले पदर लावत. शिकवताना पुस्तकातल्यासारखी बोले, चिडली की आमच्यावाणी. गोड बोललेली मले आठवत नाही.

तवा आमी माह्या माहेरी, फुलसावंगीकडं. वर्गात आमी सात पोरी, बाकी सारे पोरं. एक दिवस मी पाढा चुकली, मले तीन भेटला. मी गुणून आणलं, ४२८५७१. माह्याजवळच्या पोरीले दोन होता, तिचं आलं २८५७१४. बाई म्हणे, "दोघींच्या पाट्या जवळ ठेवा. आता पाहा." आमी पाह्यलं. तेच आकडे! एक, चार, दोन, आठ, पाच, सात. तेच सहा जण, तीच रांग, एकाच्या मागं चार, चाराच्या मागं दोन, फक्त पह्यलं कोण उभं ते बदललेलं. मले वाटलं मीच चुकली. पुन्हा केलं. पुन्हा तेच. चारानं केलं तं ५७१४२८. पाचानं ७१४२८५. सहानं ८५७१४२. फुगडीचा फेर धरल्यावाणी, कोणी बी पुढं आली तरी हात सुटत नाही.

"हे गावासारखं आहे," बाई पुस्तकी बोलली. मंग एकदम आपल्या बोलीत आली, "कितीबी पटीनं वाढवा, माणसं तेच. आज हा पुढं, उद्या तो पुढं. रांग मोडत नाही."

मी इचारलं, "बाई, हा आकडा कोणी काढला?"

"भाकरीनं," बाई म्हणे. अन् आपल्या फडक्यातली भाकर काढून टेबलावर ठेवली. "एक भाकर, तुमी सातजणी. वाटा."

वाटता येते काय? बाईनं तोंडानं करून दाखवलं. एका भाकरीचे दहा तुकडे करा, सातींले एकेक द्या, तीन उरले. त्या तिन्हींचे दहा-दहा बारीक करा, झाले तीस, सातींले चार-चार, दोन उरले. दोनाचे वीस, सातींले दोन-दोन, सहा उरले. सहाचे साठ, आठ-आठ दिले, चार उरले. चाराचे चाळीस, पाच-पाच, पाच उरले. पाचाचे पन्नास, सात-सात, अन् उरला एक. एक, चार, दोन, आठ, पाच, सात, आमाले भेटलं ते हेच. अन् उरला तो एक! जिथून निघालो तिथंच, फक्त भाकरीचा आता चुरा झालेला. पुन्हा तेच करा. पुन्हा तेच. संपतच नाही.

"सगळ्यांले सारखं वाटलं," बाई म्हणे, "तरी एक कण उरतेच. त्याच्यावरच भांडणं होते." अन् ती भाकर तिनं एकटीनं खाल्ली, आमच्यासमोर. असी बाई.

चवथीची परीक्षा झाली नाही तं माहं लग्न ठरलं. बाई आमच्या घरी आलती, बापासमोर उभी राह्यली, बसली नाही. "पोरगी आकड्यात चांगली आहे, सातवीपर्यंत राहू द्या." बाप म्हणे, "बाई, पाहुणे चांगले हायेत, हुंडा मांगत नाही." बाई म्हणे, "ते हुंडा मांगत नाही, पोरगीच मांगून राह्यले ना?" बाप हसला. मी दाराआड होती. जाताना बाईनं मले पाह्यलं, म्हटलं काही चांगलं बोलन. ती म्हणे, "रडू नोको," अन् पुढचं बोललीच नाही. पुढचा शब्द काय होता ते मले माहीत होतं.

सासर दारव्ह्याच्या अलीकडं. पह्यलं लेकरू झालं, पोरगं. तापानं फणफणलं, सासूनं उतारे केले, लिंबं कापली, मंग दवाखान्यात नेलं तं उशीर झालता. सुई लावली, संध्याकाळी गेलं. मले तवापासून भेव लागते. कायचं बी. भांडं पडलं तरी छातीत धस्स होते, लिहितानाबी हात थांबून थांबून चालते.

दुसऱ्यांदा दिवस गेले अन् त्याच साली यमुनाबाईची बदली इथल्या शाळेत झाली. मले पाह्यलं, पोट पाह्यलं, म्हणे, "झाली का सुरू?" तेवढंच. पण दर आठवड्याले बाजाराच्या दिवशी येऊन ओट्यावर बसे, अन् सासू आत गेली की हळूच म्हणे, "पाचानं?" मी भाजी निवडता निवडता सांगो, "सात, एक, चार, दोन, आठ, पाच." बाई मान हलवे. दुसऱ्या बायांच्या माहेरची माणसं लाडू आणत, माह्या माहेरचं हे एवढंच येत होतं.

पोरगी झाली. आता सटवाईचं सांगा लागन. आमच्या गल्लीनं धम्म घेतला तवा सासूनं साऱ्या देवांची टोपली स्वतःच्या हातानं नदीत सोडली, हे खरं हाय, ती भेली नाही. पण सटवाईले सोडलं नाही. म्हणे, "देव बसून खात होते, ते सोडले. हिच्या हातात लेखनी हाय, हिले कसी सोडू?" सहाव्या दिवशी सटवाई येते, लेकराच्या कपाळावर नशीब लिहिते, म्हणून तिच्यासाठी कोरी पाटी अन् लेखण ठेवतात. दिवा लागला की त्या पाटीले माणसाचा हात लागाले नोको. त्याच्यावर काही पडलं, उमटलं, तं ते सकाळपर्यंत पुसाचं नाही.

दिवेलागणीले बाई पोरगी पाहाले आली. पोरगी नाहीच पाह्यली, पाटीच पाह्यली. दिवा लागलेला, पाटा मांडलेला, त्याले टेकून कोरी पाटी.

"हे बरं आहे," बाई म्हणे. "पोरीच्या जातीले तुमच्या घरी पाटी भेटते ते एकदाच. सहाव्या दिवशी. अन् तेबी दुसरीनं लिहाले."

"बाई, हात नोका लावू!" सासू वरडली.

बाई वाकली, लेखण उचलली अन् लिहिलं, १४२८५७. "येऊ द्या तुमच्या सटवाईले. म्हणा, आधी हे सोडव, मंग पोरीचं लिही." अन् खडू नसतानाबी हात कमरेले पुसून निघून गेली.

सासू पाटीजवळ जाये ना, दूर होये ना. मले म्हणे, "सूनबाई, काय लिवलं वं तिनं?"

मी आकडा सांगतला.

"लाख? लाख काय? दिवस?" सासू बोटं मोडाले लागली. "किती वर्सं होते?"

म्या अंदाजानं सांगतलं, चारशे वर्षाले थोडं कमी. सासूचं तोंड फुललं. "चारशे! अवो माय! मास्तरीण गुनाची हाय मनाव." गल्लीत सांगून आली, माही नात चारशे वर्षं जगते. बाया म्हणे, "एवढे दिवस हिले पोसन कोन?" चार-सहा दिवस घरात हसणं होतं. मेलेल्या लेकराच्या मागं आलेली म्हणून सासूनं तिचं नाव धोंडी ठेवलं, दगडाले कोणी नेत नाही. बाईनं सुजाता सांगतलं. मी दोन्ही नावानं हाक मारो, कोणतं कामी येईन काय माहीत.

तो महिना सरत आला अन् पोरीले जुलाब लागले. दूध टिके ना. टाळू खोल गेली, डोळे आत, रडणं असं बारीक का मांजरीचं पिल्लू बरं. सासू ओटीवर बसून इचारे, "सूनबाई, त्या आकड्यात काय हाय? खरं सांग." मी सांगतलं, बाईनं शिकवलं तेच, आकडा फिरते म्हणून, कितीबी वेळा गुणा, तेच परत येते, म्हणून.

सासूनं छातीवर हात मारला. "तेच परत येते! म्हनजे हे दुसरं लेकरू नोहे वं! पयलंच हाय! पयलंच परत आलं, आन् पयल्यावानीच परत जाईन! तिनं फेरा लिवला माह्या नातीच्या कपायावर!"

मी चवथीपर्यंत शिकली, मले माहीत होतं आकडा म्हणजे आकडा. पण लेकरू हातात सुकून राह्यलं असलं की काय माहीत असते अन् काय नसते! पोरीचं कपाळ पाहो तं मले पह्यल्याचंच दिसे.

पाटी तशीच होती, सासूनं भेवानं फळीवर उचलून ठेवलती. जिनं लिहिलं तिनंच पुसलं पाहिजे, म्हणून सासूनं बाईले बोलावलं. बाई शाळा सोडून आली. आली ते सरळ पोरीजवळ. कातडी चिमटीत धरून सोडली, ती तशीच उभी राह्यली.

"आधी पाटी पुसा," सासू पाय धरून म्हणे. "तुमाले आपल्या धम्माची आन हाय, पुसा."

"पुसणार नाही."

"तुमचं काय जाते वो बाई?"

"पुसली अन् पोरगी वाचली, तर तुमी म्हणान पुसल्यानं वाचली. मंग गल्लीतलं कोणतंच लेकरू दवाखान्यात जाणार नाही. सरका." अन् मले, "उठ मंजुळे. पाय हाय ना तुले?"

माहा नवरा कापसाच्या जिनिंगवर गेलता. गावात मोटर येत नव्हती तवा. रस्त्यानं वरच्या गल्लीची कापसाची बंडी दारव्ह्याले चालली होती. बाई मधात जाऊन उभी राह्यली. बंडीवाला म्हणे, "ओली बाळंतीण हाय, तुमच्या गल्लीची हाय, कापूस बाटन."

"कापूस बाटत नाही, इकला जाते," बाई म्हणे. "हाक." अन् मले ढकलूनच वर चढवलं. सारा रस्ता त्यानं मागं पाह्यलं नाही.

कापसात कंबरेपर्यंत रुतून बसली मी. पोरगी मांडीवर, निपचित. मी म्हणो, "बाई गेली, बाई पाहा ना, गेली काय?" बाईनं पोरीच्या छातीवर हात ठेवला अन् म्हणे, "दोनानं?"

"बाई मी तुमच्या पाया पडते..."

"दोनानं गुण. मोठ्यानं. मी इकडे हिचा श्वास पाहून राह्यली, तू तिकडे गुण. दोघींनी एकच काम कायले करा?"

मी रडत रडत गुणलं. दोन लाख पंच्याऐंशी हजार सातशे चौदा. "तीनानं." चार लाख अठ्ठावीस हजार पाचशे एक्काहत्तर. चार केलं, पाच केलं. पोरीनं एकदा तोंड हलवलं. बाईनं लुगड्याचं टोक पाण्यात बुडवून तिच्या ओठाले लावलं. सहा झालं. आठ लाख सत्तावन हजार एकशे बेचाळीस. म्या म्हटलं, "सात द्या ना बाई." मले वाटलं सात संपलं का पोहोचू.

"सात परत येताना," बाई म्हणे. "तिघी परत येऊ तवा."

डॉक्टरनं सुई टोचून बाटलीचं पाणी चढवलं. तीन दिवस आमी तिथं होतो, बाई खाली फरशीवर निजे. तिसऱ्या दिवशी पोरीनं असा भोंगा पसरला का शेजारची बाई म्हणे, गळा दाबा कोणी. बाई भिंतीकडं तोंड करून बसली. मी समजली, अन् तिच्याकडं पाठ करून पोरीले पाजाले बसली.

परत येताना सात होणार होतं. पण बंडी गल्लीच्या तोंडाशी आली अन् पाह्यलं, बाया जमलेल्या, सासूच्या हातात नारळ. सासूनं पोरगी घेतली, मुके घेतले, अन् मोठ्यानं साऱ्या गल्लीले म्हणे, "पाहा! म्या सोताच्या हातानं पाटी पुसली, जे होईन ते मले होवो म्हनलं, आन् तवाच पोरीनं डोये उघडले!"

"कधी पुसली?" बाई म्हणे.

"तुमी गेल्यावर."

"कोणत्या दिवशी? सकाळी की दुपारी?"

"घड्याय हाय काय मह्याजवय? पुसली, पोरगी वाचली. तुमी लिवलं, पोरगी मराले टेकली. ह्यो हिसोब तं आमाले बी येते, बाई."

मी म्हटलं. साऱ्यांसमोर म्हटलं, "आत्याबाई, सुईनं वाचली, पाण्यानं वाचली, मी पाह्यलं." सासू मले म्हणे, "सुई तं पयल्याले बी लावलीच होती ना वं?" उशीर झालता, एवढंच उत्तर हाय, अन् उशीर कोणी केला हे सासूच्या तोंडावर बोलाले मले जीभ नाही. नवरा घरी आला, म्हणे, "चूप बैस. माय म्हणते ते म्हणते."

बाईनं ते सारं ऐकलं अन् शाळेकडं चालाले लागली. तिनं नंतर आमच्या ओट्यावर पाय ठेवला नाही.

वरच्या गल्लीचे पोरं-पोरी तिच्या वर्गात आधीच येत नव्हते, बाटतीन म्हणून. आता आमच्या गल्लीनंबी काढले, करणी करन म्हणून. तिले आकडेवाली म्हणाले लागले. वाटेनं आली का बाया लेकराचं कपाळ पदरानं झाकत. ज्या बाया नागपूरले जाऊन आल्या, पांढरं लुगडं नेसून बावीस प्रतिज्ञा म्हणून आल्या, त्याच. वरच्या गल्लीनं छळलं असतं तं बाईले सवय होती. मी वावरात जाताना शाळेसमोरून जाये, तं बाई रिकाम्या वर्गात फळ्यावर गणित लिहिताना दिसे. एकदा थांबली मी. ती म्हणे, "वरच्या गल्लीनं भागाकार करून काढलं, तुमच्या गल्लीनं वजाबाकी करून. बाकी काय?" मी म्हटलं, "मी हाय ना बाई." ती म्हणे, "तू काय विद्यार्थी आहे? तू लेकुरवाळी आहे. जा, ऊन झालं."

वर्ष सरलं नाही तं तिची बदली झाली, पांढरकवड्याच्या पलीकडं, पार जंगलात. मोटर पकडाले ती फाट्यावर उभी होती, एक ट्रंक, एक वळकटी. पोचवाले कोणी नाही. मी भाजीचं निमित्त करून पोरगी घेऊन पळत गेली. दम लागलता, बोलता येत नव्हतं. बाईनं सुजाताकडं पाह्यलं, तिची कातडी पुन्हा चिमटीत धरली, सोडली. ती लगेच बसली. "चारशे वर्षं जगाची हाय," बाई म्हणे, "इतकी घाई कायले पळाची?"

म्या म्हटलं, "बाई, सात देते म्हटलं होतं तुमी."

मोटर दिसाले लागलती. "तुले येते," बाई म्हणे. "जे आपल्याले येते, ते दुसऱ्याकून कायले घ्याचं?" चढली. खिडकीत बसली ते पलीकडच्या. मले वाटलं एकदा तरी पाह्यन.

दोन पावसाळे गेले. मंग बाजारात तिकडच्या माणसाकून समजलं, बाई हिवतापानं गेली. दवाखाना लांब, नेणारं कोणी भेटलं नाही. तिच्यासाठी कोणाच्या कापसाच्या बंडीपुढं कोण उभं राह्यलं असन? सासूले सांगतलं. ती सुपात तूर पाखडत होती, म्हणे, "गेली? तिचाच आकडा तिले भवला." अन् पाखडत राह्यली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीपुढं बसून, चुलीतला कोळसा घेऊन, सारवलेल्या जमिनीवर मी सात केलं. साती साती एकोणपन्नास, नऊ मांडले, हातचे चार. सातापंचे पस्तीस अन् चार एकोणचाळीस, नऊ मांडले. सात आठे छप्पन अन् तीन एकोणसाठ, पुन्हा नऊ. मले वाटलं चुकून राह्यली. सात दुणे चौदा अन् पाच एकोणीस, नऊ. सात चोक अठ्ठावीस अन् एक एकोणतीस, नऊ. सात एके सात अन् दोन नऊ. ९९९९९९.

सारे नऊ. फेर सुटला. कोणी पुढं नाही, कोणी मागं नाही, साऱ्या एका उंचीच्या, जिले पाहा ते सारखी. मी पाहतच राह्यली. मले कळलं बाई हे शिक्षा म्हणून काहून देत नव्हती. हे तिनं राखून ठेवलतं, चांगल्या दिवसासाठी. अन् मंग मले राग आला. कारण धा लाखाले एक कमी हाय. साऱ्या सारख्या झाल्या तरी भरत नाही. भाकरीतला तो एक कण. मले वाटलं बाईले हे ठाऊक होतं, अन् तरी ती आमाले भाकरी वाटाले शिकवत राह्यली.

रागानं मी पुसलं नाही, पुढं आठ केलं. आठाचं बाईनं कधी नावच काढलं नव्हतं. आलं ११४२८५६. पाह्यलं तं तोच आकडा परत उभा, पण शेवटच्या साताचे सहा झालेले. त्याच्यातला एक निघाला, अन् रांग सोडून सगळ्याच्या पुढं जाऊन एकटा उभा राह्यला. मागच्याले एकानं कमी करून. बाईनं आठ केलं होतं का नव्हतं, मले माहीत नाही. इचाराले बाई नाही.

हे सारं आज कायले लिहून राह्यली ते सांगते. मले पुन्हा दिवस गेले, महिने भरत आले. सुजाता आता शाळेत जाते, नवीन मास्तरजवळ, रोज हात हालवत. तिले पाटी नाही. म्हणजे घरात पाटी हाय, तीच, सासूनं धुऊन फडक्यात बांधून फळीवर ठेवली, येणाऱ्या लेकराच्या सटवाईसाठी. पोरीनं मांगितली तं म्हणे, "ते तुह्यी नोहे, लिवनारीची हाय. हात लावशीन तं येनारं जाईन." पोरगी त्या फळीखाली बसून जमिनीवर बोटानं लिहिते. काल तिचं मी पाह्यलं, एक, चार, दोन. पुढचं तिले येत नाही अजून.

आज सासू वावरात गेली अन् मी फळीपाशी चढली. पोट सांभाळत, एका हातानं खुंटी धरून. उतरताना मनात येत होतं, पडली तं सासूचं खरं होईन, साऱ्या गल्लीत होईन, बाईचंबी नाव पुन्हा निघन. पडली नाही. फडकं सोडलं. पाटी सुजाताच्या हातात देल्ली. ती म्हणे, "माय, बुढी मारन." मी म्हटलं, "मारन तं मले मारन. तू जा." ती पळत गेली, पाटी छातीशी धरून, मागं न पाहता.

आता बंडीच्या बैलांचे घुंगरू ऐकू येऊन राह्यले, बाया वावरातून परतल्या वाटते. पोटात लेकरू हालते. मले लई भेव लागते. मी बसून हातचे मोजून राह्यली, दोनानं, तीनानं, चारानं. सासू दारात आली का पह्यलं वर पाह्यन. फळी रिकामी हाय.